मामींची जागा

चरखावर्ग बुधवारी सुरू व्हायचा होता आणि मामींचा पाय मुरगळला मंगळवारी दुपारी. माळ्यावरून लोकरीचं पोतं खाली घेताना शिडीची शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. खाली पडलेल्या पोत्यावरच आदळल्या म्हणून कंबर वाचली, पण घोटा दिवे लागेपर्यंत भोपळ्यासारखा सुजला.

एरवी मामींनी असल्या दुखण्याला भीक घातली नसती. त्या दिवशी मात्र त्या ओसरीवर पाय लांब करून बसल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, ते फिरवलंच.

या वर्गाची त्या तीन महिने वाट बघत होत्या. माळ्यावर दोन हंगामांची लोकर पडून होती. व्यापारी आता फक्त पांढरी, यंत्राने कातरलेली लोकर घ्यायचा, आणि यांच्या अठराच्या अठरा मेंढ्या काळ्या नि करड्या. पोत्यांना कसर लागायला सुरुवात झाली होती. एखादं पोतं झटकलं की बारीक बारीक पाखरं उडायची. पुढच्या हंगामालाही असंच झालं तर मेंढ्या काढून टाकायच्या, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं, बोलून मात्र कोणी दाखवत नव्हतं. अशात बातमी आली की बंद पडलेल्या शाळेत एक बाई लोकरीचं सूत कातायला शिकवणार आहेत. बारा चरखे, बारा जागा, बारा दिवस. लोकर ज्याने त्याने आपली आणायची. शेवटच्या दिवशी ज्याचं सूत परीक्षेला उतरेल त्याने चरखा घरी न्यायचा आणि वर्षभर बाईंच्या मागांना सूत पुरवायचं. मग ते काळं असो की करडं. मामींनी ऐकलं तशा उभ्या पावली जाऊन नाव दिलं होतं.

पण पहिल्या दिवशी जागा रिकामी दिसली तर ती दुसऱ्याला जाणार होती. रांगेत आणखी नऊ जणी होत्या.

"तुम्ही जा," मामी भिंतीकडे बघतच मामांना म्हणाल्या.

"मी? त्या बायकांच्यात?"

"दोन दिवस नुसतं बसायचं आहे. माझी जागा धरून. बसायची तुम्हाला सवय आहेच आता."

हे मामांना लागलं. पंचक्रोशीत त्यांना सगळे कातरमामा म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या मेंढ्या कातरल्या होत्या, एका मेंढीला एक विडी ओढायला लागतो तेवढा वेळ, आणि कातडीला ओरखडा नाही. मागच्या वर्षी शेजारच्या गावातला एक जवान यंत्र घेऊन फिरायला लागला. त्याच महिन्यात मामांचा उजवा खांदाही धरला. त्यामुळे काम यंत्राने नेलं की खांद्याने, हे मामांना नक्की सांगता यायचं नाही. यंत्राने नेलं असं ते लोकांना सांगायचे. वर्षभर ते ओसरीवर बसून होते, आणि घरातल्या बाईने केर काढताना दहा वेळा "जरा पाय उचला" म्हणावं असे बसून होते.

बुधवारी सकाळी लोकरीचं गाठोडं काखेत मारून मामा शाळेच्या दारात उभे राहिले. आत पूर्वीचा चौथीचा वर्ग होता. फळ्यावर कधीचा तरी पाढा अर्धवट पुसलेला. बाकं भिंतीला लावलेली आणि मधे गोलात बारा चरखे, पायाने चालवायचे. अकरांवर बायका बसलेल्या. त्यात शेजारची सून होती, टपाल वाटणारी होती, दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. मामा दिसल्याबरोबर बोलणं बंद पडलं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, काडीसारख्या बारीक. त्यांनी मामांकडे, मग गाठोड्याकडे पाहिलं. घरातलं कोणीही चालेल, म्हणाल्या, पण जागा एकच, हे लक्षात ठेवा. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता?

"मेंढ्या कातरतो."

"मग सोपं आहे. त्यातला 'र' काढून टाका."

बायका खो खो हसल्या. मामा लहान मुलाच्या स्टुलावर बसले, तर गुडघे छातीला टेकले. त्यावर पुन्हा हशा झाला.

कातरण्यातून 'र' काढणं सोपं नव्हतं. पायटा पुढे दाबला की चाक मागे फिरायचं. चाक धड फिरू लागलं की हातातला पेळू, पिंजलेल्या लोकरीची ती वळी, तुटायचा. पेळू जपावा तर पाय थांबायचा. दुपारपर्यंत मामांच्या रिळावर जे काही गुंडाळलं गेलं ते मधेच बोटाएवढं जाड, मधेच केसाएवढं बारीक होतं. टपालवाली म्हणाली की सापाने उंदीर गिळलाय, एक नाही, बरेच. बाई मागून आल्या आणि त्यांनी मामांची मूठ वरून दाबून पाहिली. मूठ दगडासारखी आवळलेली होती.

"मामा, ही मेंढी कातरून झालेली आहे. आता पळत नाही ती. सोडा."

मामांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की असल्या कामाला बाप्या माणसाने हात लावू नये. मामींनी खोदून खोदून विचारलं. पेळू कसा धरतात, पाय कोणता, बाई काय म्हणाल्या. मामा म्हणाले, कसलं काय, नुसतं चाक फिरवायचं. आणि पाय शेकायला पाणी तापवून दिलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी, उन्हाचा पट्टा खिडकीतून चाकावर आला होता त्या वेळी, काहीतरी झालं. मामांनी डावा हात मागे नेला आणि मूठ ढिली सोडली. चातीच्या फिरत्या टोकापासून पीळ सरसर निघाला आणि बोटांच्या आत शिरला. मेंढीच्या पोटाखालून कात्री घालावी आणि लोकर आपोआप उलगडत यावी, तसं काहीसं. हातभर, दोन हात सूत निघालं. मामांनी श्वास रोखून धरला होता. पाय आपला चालत होता, त्याला कोणी सांगत नव्हतं. सूत रिळावर घेतलं आणि पुन्हा हात मागे नेला. पुन्हा तसंच.

बाईंनी जाता जाता ते सूत दोन बोटांत धरून पाहिलं आणि पुढे गेल्या, आणि मामांना शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं. तो त्यांचा कधी आला नव्हता.

चौथ्या दिवसापासून मामांची चाल बदलली. लोकरीतलं त्यांना कळायचंच. पाठीची कुठली, पोटाची कुठली, म्हाताऱ्या मेंढीची कुठली, हे ते नुसतं हात लावून सांगायचे. बायका आपापली गाठोडी त्यांच्यापुढे उघडायला लागल्या. नर्सबाईंची लोकर तुटत होती तर मामांनी एक बट कानाजवळ धरून ताणली, कट् असा आवाज ऐकवला आणि सांगितलं की ही मेंढी त्या साली आजारी होती. नर्सबाई म्हणाल्या, होती खरी. वर्षभर ज्या माणसाला पाय उचला याशिवाय कोणी काही म्हटलं नव्हतं, त्याला अकरा जणी मामा हे बघा, मामा ते बघा करायला लागल्या. दुपारची भाकरीसुद्धा आता ते गोलात बसून खाऊ लागले.

आणि चौथ्याच दिवशी मामींची सूज उतरली.

"उद्या मी जाते," त्या म्हणाल्या.

मामांचा घास हातातच राहिला. आपण काय बोलणार आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तोंडातून निघालं ते असं, की शाळेच्या पायऱ्या फार उंच आहेत. मामी म्हणाल्या, हळू चढेन. मामा म्हणाले, पायटा फार जड आहे, माझ्या पायाला गोळे येतात, तुझा घोटा पुन्हा जायचा. मामींनी पाय जमिनीवर टेकवून दाखवला. तेव्हा मामांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं की वाटेत नर्सबाई भेटल्या होत्या, त्या म्हणाल्या अजून आठवडाभर पाय टेकवायचा नाही.

नर्सबाईंचं नाव घेतल्यावर मामींनी पाय पुन्हा वर घेतला. त्यांनी पिंजायच्या दातेरी फण्या ओढून घेतल्या आणि उद्याच्या वर्गासाठी लोकर पिंजायला बसल्या. पिंजण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. हात भरून येतात, नाकात केस जातात. मामी रोज संध्याकाळी तीस-चाळीस पेळू करून फडक्यात एका ओळीत ठेवायच्या, आणि सकाळी मामा ते घेऊन जायचे. वर्गात सगळ्यांत चांगले पेळू मामांचे असायचे. बाईंनी विचारलं, हे कोण करतं? मामा म्हणाले, घरी होतात.

रात्री पडल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटायची. उद्या सांगू, असं ते ठरवायचे. सकाळ झाली की गाठोडं उचलून जरा घाईनेच निघायचे.

सहाव्या दिवशी बाईंनी मामांचं रीळ सगळ्यांना दाखवायला वर धरलं होतं, तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. दारात मामी उभ्या होत्या, हातात मेंढ्या हाकायची काठी.

झालं होतं ते साधंच होतं. शेजारच्या सुनेचं पोर तापलं म्हणून ती त्या दिवशी वर्गाला आली नव्हती. सकाळी ती चाळण परत करायला गेली आणि मामींना म्हणाली, मामांचा हात काय बसलाय, बाईसुद्धा बघत राहतात. मग म्हणाली, नर्सबाई माझ्या शेजारीच बसतात, रोज विचारतात, मामी अजून का आल्या नाहीत, आणि म्हणतात आता चाललं तरच पाय मोकळा होईल.

मामी आत आल्या. पायऱ्या त्यांनी चढल्याच होत्या. त्या ना रागावलेल्या दिसत होत्या, ना दमलेल्या. त्यांनी बाईंना विचारलं, माझी जागा कोणती? बाईंनी बोट दाखवलं. मामा उठले. उठताना स्टूल पडलं, ते उचलायला वाकले तर खांद्यातून कळ गेली. कोणी हसलं नाही, आणि हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं मामांना वाटलं.

मामी स्टुलावर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली. दुखरा पाय उचलून पायट्यावर ठेवला आणि अंगठ्याने जरासा दाबला. चाक फिरलं. लोण्यात बोट फिरावं तसं.

"हा जड का?" त्यांनी मामांकडे बघून विचारलं.

दाराशी चपला घालताना मामांना उजवी डावी कळेना. नर्सबाईंच्या नजरेला नजर न देता ते बाहेर पडले.

त्या दिवशी त्यांनी घरी येऊन मेंढ्यांचा वाडा झाडला, पाणी भरलं, डाळ शिजवली. डाळ खाली लागली. मामी संध्याकाळी आल्या, लागलेली डाळ खाल्ली, ताट घासून पालथं घातलं आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. काय हवं-नको ते विचारत होत्या, पण भिंतीला विचारावं तसं. मामांनी संध्याकाळी स्वतःच फण्या घेतल्या आणि पिंजायला बसले. खांदा ओरडत होता. चार पेळू झाले, तेही दोरखंडासारखे.

"चुकलं माझं," ते फण्यांकडे बघत म्हणाले. "मला तिथं बरं वाटायला लागलं होतं. तुझी जागा घेतली मी."

मामींनी त्यातला एक पेळू उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "जागेचं नाही हो. मी रोज विचारत होते, काय शिकवलं, आणि तुम्ही रोज सांगत होतात, काही नाही. तुम्हाला एवढं काही गवसलं आणि तुम्ही दाराबाहेर तोंड पुसून घरात आलात. एकट्याने खाल्लंत."

एवढं बोललेलं त्यांच्या घरात कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. मामा उठले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. मूठ कशी आवळली होती, बाई काय म्हणाल्या, टपालवाली काय म्हणाली. सापाने गिळलेल्या उंदरांपाशी मामींच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. मग मामांनी त्यांच्या डाव्या हातात पेळू दिला, टोक आपल्या चिमटीत धरलं आणि बोटांनीच पीळ द्यायला सुरुवात केली. हात मागे ने, म्हणाले. एवढा नको. आता थांब, पीळ येऊ दे. आला का? आता सोड. मामी वर्गात दोन दिवस सुतं तोडून आल्या होत्या. पाच दिवसांचं मागे पडलेलं, आणि परीक्षेला उरलेले पाच. पण रात्री कधीतरी त्यांच्या बोटांत तो पीळ शिरला आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई." तेव्हा दोघांनाही कळलं की आता जमेल.

मात्र मामांच्या हातांना आता स्वस्थ बसवेना. मामी वर्गाला गेल्या की ते ओसरीवर बसून हवेतच डावा हात मागे न्यायचे. आठव्या दिवशी त्यांनी सायकल काढली आणि चौकातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे नेली. म्हणाले, मागचं चाक काढ.

"पंक्चर आहे?"

"नाही. चांगलं आहे म्हणूनच काढ."

दुरुस्तीवाला वल्ली माणूस होता. काय करायचं आहे ते कळल्यावर त्याने दुकानातली बाकीची कामं बाजूला सारली. टायर काढून नुसतं कडं ठेवलं, त्याला फिरवायला खुंटी बसवली, जुन्या पाटावर दोन लाकडी खांब उभे केले. चातीसाठी छत्रीची दांडी कापली. पट्ट्याला सुतळी. सुतळी घसरायची म्हणून मेण लावलं, मेणाने चिकटायला लागली म्हणून पुसलं. दोन दिवस दोघांची भांडणं झाली आणि नवव्या दिवशी संध्याकाळी चाक फिरलं. जरा कुरकुरत फिरलं, पण असं फिरलं की चाती दिसेनाशी झाली.

दहाव्या दिवशी सकाळी मामा ते धूड चांगल्या खांद्यावर घेऊन पायीच निघाले. सायकलीला आता एकच चाक होतं. वाटेत जो तो विचारायचा, मामा, उरलेली सायकल कुठाय? मामा म्हणायचे, घरी, सूत कातायला लागली की तीही येईल.

शाळेच्या दारात ते थांबले. मामी पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाईंना ते म्हणाले, जागा एकच आहे हे लक्षात आहे. मला जागा नको. बाहेर व्हरांड्यात बसेन, ऐकू येईल तेवढं शिकेन. बाई बाहेर आल्या, त्यांनी खुंटी धरून चाक एकदा फिरवलं, कानाला हात लावला.

"व्हरांड्यात बसा. आत बसलात तर या आवाजाने माझ्या पोरी पळून जातील."

मामा दाराच्या चौकटीला टेकून बसले. थोड्या वेळाने मामी स्टुलासकट सरकत सरकत दाराजवळ आल्या. उजेड इकडे चांगला आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

परीक्षा बाराव्या दिवशी झाली. बाईंची परीक्षा अशी की हातभर सूत ओलं करून खिडकीच्या गजाला टांगायचं आणि त्याला लिंबाएवढा दगड बांधायचा. तुटलं तर पीळ कमी. दगड भिरभिरायला लागला तर पीळ जास्त. एकेकीचं सूत टांगलं गेलं. नर्सबाईंचं उतरलं. शेजारच्या सुनेचं उतरलं. टपालवालीचं तुटलं आणि दगड तिच्याच पायावर पडला, त्यावर ती म्हणाली की आजवर एक पत्र हातून पडलं नाही, आणि हे बघा.

मामींचा नंबर आला तेव्हा मामा व्हरांड्यातून उठून खिडकीशी आले. करडं सूत, सारखं, फार बारीक नाही. बाईंनी दगड सोडला. तो एक अर्धी गिरकी फिरला, थोडा मागे आला आणि थांबला. बाईंनी हातानेच दोनदा ताणून पाहिलं. "हे न्या घरी," त्या चरख्याकडे मान करून म्हणाल्या. मामी उभ्याच राहिल्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी ते शेजारच्या सुनेच्या खांद्यावर ठेवले.

"आता मामांचं टांगा," टपालवाली म्हणाली. मामा नको नको म्हणत होते, पण मनातून त्यांना टांगायचंच होतं. गेले तीन दिवस त्यांचं सूत बघून सगळ्या माना डोलवत होत्या.

दगड सोडल्याबरोबर तो भोवऱ्यासारखा फिरायला लागला. फिरतच राहिला. सूत आपल्यालाच गुंडाळत वर वर चढलं, दगड गजाला जाऊन टक्कन आपटला आणि मग उलटा फिरत खाली आला. बायका पोट धरून हसल्या. बाईसुद्धा डोळे पुसत होत्या.

"चाक घाईचं आहे मामा तुमचं," त्या म्हणाल्या. "एका फेऱ्यात तुमची चाती साठ फेरे घेते. दोरी उत्तम झाली आहे. याची बंडी माणसाला घातली तर तो उभ्या उभ्या फिरेल."

मामांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाट बघत होते, आता वाटेल, मग वाटेल. पण त्यांना सारखं हसूच येत होतं, आणि मामीही हसत होत्या, तोंडावर हात न घेता, लग्नाआधी हसत असतील तशा.

चरखा मामांनी खांद्यावर घेतला. त्यांचं धूड न्यायला दुरुस्तीवाला हातगाडी घेऊन आला होता. परीक्षेचा निकाल ऐकून त्याने सांगितलं की कडं लहान करावं लागेल, उद्या लहान मुलाच्या सायकलचं चाक शोधतो. मामी काठी न टेकता चालत होत्या. वाटेत त्यांनी हिशोब घातला की एका पोत्याला साधारण किती दिवस लागतील, आणि हंगामापर्यंत माळा रिकामा होईल का. मामा म्हणाले, दोघं बसलो तर होईल.

"तुमचं सूत घेतलं कुठे बाईंनी?"

"घेतील. शिकेन की."

ओसरीवर चरखा मांडायला जागा करावी लागली. मामांची बसायची जागा होती नेमकी तिथेच. त्यांनी आपली सतरंजी गुंडाळून आत टाकली. मामींनी चरखा उजेडाला लावला, पायटा दाबून पाहिला, तेलाचं बोट फिरवलं. मग स्वतः न बसता चरख्याबरोबर आणलेलं छोटं स्टूल मामांकडे सरकवलं.

मामा बसले. गुडघे छातीला टेकले. डावा हात मागे नेला आणि सूत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. कुरकुरत्या घाईच्या चाकाची हाताला सवय झाली होती. मामी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"कसं करू?" मामांनी विचारलं.

मामी जवळ आल्या, त्यांच्या मिशीत अडकलेला लोकरीचा केस काढला आणि त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवून सांगायला बसल्या. मेंढ्या वाड्यात ओरडायला लागल्या, चुलीवरचं पाणी आटून गेलं, तरी त्यांचं सांगणं चाललंच होतं.